‘बसले’चं ‘बसलो’

केळशीकरांच्या घरात भांडण कधी लांबत नसे. भांडण लांबायला दोन बाजू लागतात. इथे एक बाजू ललिताबाईंची आणि दुसरी अण्णांच्या रोजनिशीची, आणि रोजनिशीपुढे कोणाचं काय चालणार? शंतनूला कांजिण्या दुसरीत आल्या की तिसरीत, माहीमच्या आत्याबाई मुंजीला आल्या होत्या की रुसून घरी बसल्या होत्या, कशावरूनही शब्दाला शब्द वाढला की अण्णा उठायचे, कपाटातून त्या सालची डायरी काढायचे, पान उघडून त्यावर बोट ठेवायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "लिहिलंय." विषय संपला. ते लिहिलेलंही अण्णांनीच होतं, पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

अण्णा म्हणजे शरच्चंद्र केळशीकर. सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटले आणि हेडक्लार्क होऊन सुटले. दर वर्षी कचेरीतून डायरी मिळायची आणि रोज संध्याकाळी दिवा लागला की ते वर ‘श्री’ काढून दिवसाचा हिशोब देवापुढे मांडायचे. कोणतं प्रवचन ऐकलं, कोणता उपास केला, देवाने कशी परीक्षा घेतली आणि आपण तीत कसे उतरलो. परीक्षेत ते कधी नापास झाले नाहीत. पेपरही तेच तपासत होते. "आपल्यामागे मुलानातवंडांना कळायला नको, आपण कसे जगलो, कशावर श्रद्धा ठेवली?" असं आल्यागेल्याला सांगायचे, आणि आलागेला मान हलवून चहाची वाट बघायचा. ललिताबाई त्या डायऱ्यांत रोज असायच्या, पण ‘सौ.’ म्हणून. सौ. ने आज मीठ जास्त घातले. सौ. चा स्वभाव हट्टी.

गिरगावातली चाळ पाडून बिल्डरने तिथेच टॉवर उभा केला आणि केळशीकर वरच्या मजल्यावर राहायला गेले, तेव्हा जागा नाही म्हणून ललिताबाईंचा पाटा-वरवंटा भंगारात गेला. आईने दिलेलं पितळी घंगाळही गेलं. डायऱ्या मात्र खोक्यांत भरून, लिफ्टमध्ये अगदी मांडीवर घेतल्यासारख्या वर आल्या.

पुढे काचबिंदूने अण्णांचे दोन्ही डोळे गेले. माणूस अशाने नरम पडतो म्हणतात. अण्णा पडले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. फक्त आता रोज संध्याकाळची नोंद उतरवून घ्यायचं आणि कपाटातून डायरी काढून पान उघडायचं काम ललिताबाईंकडे आलं. म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच शोधायचा आणि स्वतःच मोठ्याने वाचून दाखवायचा.

त्यातच अण्णांना एक्याऐंशीवं वर्ष आलं आणि मुलाने, शंतनूने, सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवलं. हजार पौर्णिमांचे चंद्र पाहिलेल्या माणसाचा हा सोहळा. यांच्या तर नावातच चंद्र. फक्त आता त्यांना घरातला ट्यूबलाइटही दिसत नव्हता. सून वैदेही म्हणाली, अण्णांच्या डायऱ्यांचं पुस्तक काढू, पाहुण्यांना रिटर्न गिफ्ट म्हणून देऊ, स्टीलच्या डब्यापेक्षा बरं. अण्णांनी नाव लगेच सांगितलं. ‘ठेवा’.

मग रोज दुपारी काम सुरू झालं. ललिताबाई जुनी डायरी वाचायच्या, अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून, आता मिटायची गरज नव्हती तरी मिटून, ऐकायचे आणि छापायचं काय ते सांगायचे. ललिताबाई ते कागदावर उतरवायच्या. मी अमुक केलं, मी तमुक त्यागलं, मी गेलो, मी बसलो, मी सहन केलं. हात दुखायचा, पण त्या एकदाही कुरकुरल्या नाहीत. त्या एका सालची वाट बघत होत्या.

ते साल म्हणजे त्यांच्या लग्नाच्या पुढचं. शंतनूच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. अकरा दिवस जगली. बाराव्या दिवशी बारसं होतं आणि अकराव्या दिवशी पहाटे ललिताबाईंच्या मांडीवर ती गार झाली. अण्णा तेव्हा सोवळं नेसून पूजेला बसले होते. आतून रडणं ऐकू आलं, पण सोवळ्यात होते म्हणून आले नाहीत. पूजा आटोपली, पंचांग काढलं, मागची पानं चाळली आणि घरातल्यांना सांगितलं की नाव ठेवलेलं नाही, दात आलेला नाही, तेव्हा सुतक नाही. आंघोळ केली की झालं. धाकटा भाऊ गंगाधर आणि ते पोरीला घेऊन गेले आणि मोकळ्या हातांनी परत येऊन नळाखाली बसले. स्वयंपाकघरात बारशाच्या घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातलेले होते. सासूबाई म्हणाल्या, भिजवलेलं टाकू नये. त्यांनी त्याची उसळ केली. अण्णांनी ती खाल्ली, पुन्हा वाढून घेतली आणि अर्ध्या दिवसाची रजा वाचवायला कचेरीत गेले.

त्या दिवसापासून ललिताबाईंनी हरभऱ्याची उसळ केली नाही. अण्णांनी त्याचीही नोंद ठेवली होती. ‘सौ. उसळ करत नाही. हट्ट.’

तर ते पान आलं तेव्हा त्यांनी ते सावकाश वाचलं. "श्री. सकाळी एक अडचण. दुपारी हरभऱ्याची उसळ, उत्तम. अर्धा दिवस ऑफिस. संध्याकाळी प्रवचन. विषय, वैराग्य."

"पुढचं घे," अण्णा म्हणाले.

ललिताबाईंनी पुढचं घेतलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं, म्हणजे मागायचं सोडून दिलं होतं. आज मागितलं. म्हणाल्या, एक ओळ घालू या. आपल्याला पहिली मुलगी झाली होती, मी तिला मनू म्हणायचे, एवढंच. शंतनूला कोणी कधी सांगितलं नाही. मी गेल्यावर ती कोणालाच ठाऊक राहणार नाही.

अण्णांना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. नातवाला गणित समजावून सांगावं तसे ते समजावून सांगू लागले.

"अगं, जिचं बारसं झालं नाही, तिचं सुतक लागत नाही. जिचं सुतक लागत नाही, तिची नोंद कुठली? आणि मनू हे काय नाव आहे? पुस्तक वंशासाठी आहे. वंशाला काय सांगायचं, अकरा दिवस एक पाहुणी येऊन गेली?"

ललिताबाईंनी पुढचं पान घेतलं. मी पंढरीनाथबुवांच्या सप्ताहाला बसलो, असं त्यावर होतं, ते त्यांनी लिहून घेतलं.

पण ‘पाहुणी’ हा शब्द काही पोटात राहिना. दुसऱ्या दिवशी अण्णा वामकुक्षीला पडल्यावर त्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि एक वेगळा कागद लिहिला. मनू कशी होती, तिच्या डाव्या कानाच्या पाळीला कसा तीळ होता, त्या पहाटे आपण तिला मांडीवर घेऊन किती वेळ बसलो. लिहून झाल्यावर डोळे पुसले आणि तो कागद बाकीच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवला. अण्णा वाचू शकत नव्हते. बाकीचे वाचणार होते, आणि त्यासाठीच तर लिहिला होता. शंतनू वाचेल, दचकेल, येऊन विचारेल, आई, मला बहीण होती? मग त्या सांगतील. एवढंच त्यांना आयुष्याकडून अजून हवं होतं.

गठ्ठा कांदेवाडीतल्या एका छापखान्यात गेला. लग्नपत्रिकांच्या नमुन्यांतून वाट काढत आत गेलं की कॉम्प्युटरवर मेघना नावाची मुलगी बसायची. तिने चटचट सगळं टाइप केलं आणि ललिताबाई मुद्रितं बघायला गेल्या, तेव्हा त्यांना बसायला स्टूल दिलं.

"आजी, एक मिस्टेक आहे," ती म्हणाली. "सगळ्या पुस्तकात ‘मी’ म्हणजे आजोबा ना? मी गेलो, मी केलो... म्हणजे, मी बसलो. पण या एका पानावर ‘मी मांडीवर घेऊन बसले’ असं पडलंय. ‘बसलो’ करू का?"

ललिताबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पोरीने ते पान अक्षर न् अक्षर टाइप केलं होतं. त्यातलं मेलेलं मूल तिला दिसलं नव्हतं, क्रियापद दिसलं होतं. क्षणभर त्यांना तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दुसऱ्याच क्षणी तिचा मुका घ्यावासा वाटला.

"कर," त्या म्हणाल्या. "थांब, पान दे इकडे. मीच नीट करून देते."

त्यांनी पान पुन्हा लिहिलं. आता ते पान ललिताबाईंचं राहिलं नाही, अण्णांचं झालं. कानाचा तीळ काढला, कारण अण्णांनी तो पाहिलाच नव्हता. अण्णांनी जे केलं होतं तेच घातलं. ‘बसले’चं ‘बसलो’ तेवढं ठेवलं. पानभर खऱ्यात तेवढीच एक ओळ खोटी. स्वयंपाकात चवीला चिमूटभर साखर घालतात, तशी त्यांनी ती घातली. शंतनूला बहीण कळेल आणि बहिणीबरोबर बापही कळेल, असा एका दगडात दोन पक्ष्यांचा हिशोब होता. आपण दुष्टपणा करतो आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. छापखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांना कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दादरच्या हॉलमध्ये सोहळा झाला. अण्णांना सोनेरी काठाची शाल, एक्याऐंशी दिव्यांचं औक्षण, आणि वैदेहीने माइकवर ‘ठेवा’चं कौतुक केलं. श्रद्धेचा वारसा, पुढच्या पिढीला दीपस्तंभ, असं ती मोबाइलमध्ये बघून बोलली. पाहुण्यांच्या हातात सेलोफेनमध्ये गुंडाळलेली प्रत पडली. ललिताबाई व्यासपीठावर नवऱ्याशेजारी बसून त्या प्रतींकडे बघत होत्या. कोणी तिने वारा घेतला. कोणी तिच्यावर गुलाबजामची वाटी ठेवली. गंगाधर भावोजींच्या प्रतीवर अण्णांनी मुद्दाम शंतनूकडून ‘चि. गंगाधरास’ असं लिहून घेतलं होतं. ती भावोजींनी खुर्चीवर टाकली आणि वर बसले. एक सेलोफेन फाटल्याचा आवाज काही ऐकू आला नाही. लोक पांगल्यावर हॉलच्या माणसाने राहिलेल्या प्रती पिशवीत भरून ललिताबाईंच्या हातात दिल्या. सर्वांत वर चि. गंगाधर होता.

त्या थांबल्या. घरी जाऊन निवांत वाचतील लोक, म्हणाल्या. आठवडा गेला, दुसरा गेला. नातू ध्रुव, ज्याच्यासाठी हा वंशाचा सगळा खटाटोप, त्याला मराठीत जोडाक्षर आलं की ठेच लागायची. त्याने आजोबांची प्रत लॅपटॉपखाली ठेवली होती. उंची बरोबर जमली म्हणाला. शेवटी ललिताबाईंना राहवेना. शंतनू रविवारी आला तेव्हा त्यांनी विचारलंच, वाचलंस का रे?

"हो, वाचलं ना," शंतनू म्हणाला. "एका बैठकीत. मस्त झालंय."

"काय आवडलं?"

"सगळंच गं. अण्णांची स्टाइलच वेगळी आहे."

त्याच्या तोंडावर खोटेपणाची रेषही नव्हती. बापाच्या आवडीची बर्फी आणली होती, ती फ्रिजमध्ये ठेवून तो गेला. ललिताबाई दार लावून तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं नाही, किळस आली. आपल्याच पोटच्या पोराची, आणि आपलीही. मनूला छापून काढलं, तीनशे घरांत पाठवलं, आणि तीनशे घरांत ती सेलोफेनच्या आत पुन्हा गुदमरून गेली. तिचं बारसं तेव्हाही झालं नव्हतं आणि आताही झालं नाही.

आतून अण्णांनी हाक मारली. त्यांना पुस्तक ऐकायचं होतं. लोकांनी काय वाचलं ते एकदा मलाही ऐकू दे, म्हणाले, पहिल्यापासून वाच.

ललिताबाईंनी गंगाधरची प्रत घेतली, सेलोफेन फाडलं, खुर्ची अण्णांच्या खुर्चीसमोर ओढली. पहिल्यापासून वाचलं नाही.

"आमचं पहिलं अपत्य मुलगी," त्या वाचू लागल्या. "तिची आई तिला मनू म्हणे. अकराव्या दिवशी पहाटे ती गेली. मी तिला मांडीवर घेऊन बसलो. मग मी आंघोळ केली, आणि तिच्या बारशासाठी भिजवलेल्या हरभऱ्यांची उसळ खाल्ली. चांगली झाली होती म्हणून पुन्हा वाढून घेतली. संध्याकाळी रोजनिशीत मी उसळीचं लिहिलं, तिचं लिहिलं नाही. माझ्या वंशाला माझी श्रद्धा कळावी म्हणून हे सांगून ठेवतो."

अण्णांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. ते तिथेच राहिले. खाली रस्त्यावर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याचं टूं-टूं थांबलं.

"हे मी सांगितलेलं नाही."

"लिहिलंय," ललिताबाई म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाचं टोक अण्णांच्या बाजूला आलं. ते रागावतील, पुस्तक फाड म्हणतील, शंतनूला फोन लाव म्हणतील, अशी ललिताबाईंची अटकळ होती. तसं झालं नाही. सगळ्या पानातलं त्यांना खुपलं ते भलतंच.

"मी मांडीवर घेतलं नव्हतं तिला," ते म्हणाले. "मी पूजेला बसलो होतो. सोवळ्यात होतो."

"ठाऊक आहे मला. पण लिहिलंय."

"कोणी वाचलं हे?"

ललिताबाईंपाशी खरं उत्तर तयार होतं. कोणी नाही. तुमच्या एवढ्या वर्षांच्या डायऱ्या, तुमची श्रद्धा, तुमचे सप्ताह, काही कोणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. हे उत्तरही कमी जहरी नव्हतं. त्यांनी दोन्ही उत्तरं मनात तोलून पाहिली, बाजारात दोन नारळ कानाशी हलवून बघावेत तशी, आणि एक निवडलं.

"सगळ्यांनी," त्या म्हणाल्या.

बोलाफुलाला गाठ पडावी तसा संध्याकाळी गंगाधर भावोजींचा फोन आला. ललिताबाईंनी स्पीकर लावून मोबाइल अण्णांच्या हातात दिला. भावोजींना बोरिवलीच्या कुठल्याशा डॉक्टरांचा नंबर हवा होता, पण आधी पुस्तकाचं दोन शब्द गोड बोलणं भाग होतं. माणूस व्यवहारी.

"अण्णा, पुस्तक वाचलं हां," ते म्हणाले. "काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं. इतकं खरं लिहायला छाती लागते."

"तू होतास ना रे बरोबर," अण्णा म्हणाले.

"होतो म्हणजे काय? जन्मभर बरोबरच होतो."

अण्णांच्या हातातून मोबाइल मांडीवर पडला. भावोजींनी डॉक्टरांचा नंबर दोनदा विचारला, तेव्हा तो ललिताबाईंनीच सांगितला. चि. गंगाधरची प्रत त्यांच्या दुसऱ्या हातात होती.

मग तर रांगच लागली. प्रवचनाच्या मठातले, जुन्या कचेरीतले, शेजारच्या घरांतले, जो भेटेल तो तोंडभरून सांगायचा, वाचलं, वाचलं, घरात सगळ्यांनी वाचलं, मन हेलावलं. कोणी वाचलेलं नव्हतं. अण्णा प्रत्येकासमोर मान खाली घालून बसत, आणि लोक बाहेर पडताना म्हणत, काय हा विनय, वयाने माणूस कसा नम्र होतो पाहा. मठात जाणं त्यांनी सोडलं. संध्याकाळी ‘आजचं लिहून घे’ म्हणणंही सोडलं. आपल्याला याचं वाईट वाटेल, असं ललिताबाईंना आधी वाटलं होतं. नाही वाटलं. बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

रोज चहानंतर त्या ते पान वाचायच्या. अण्णा कधी म्हणायचे, आज दुसरं काही वाच. त्या म्हणायच्या, वाचते, आधी एवढं होऊ दे. या जगात मनूचं नाव ठाऊक असलेला दुसरा माणूस शेवटी हाच निघाला होता, आणि त्याला ते विसरू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

एका दुपारी पान वाचून झाल्यावर त्यांनी पितळेच्या पातेल्यात हरभरे भिजत घातले. दुसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, फोडणी बसली आणि आलं-खोबऱ्याचा वास बाहेरच्या खोलीत गेला. अण्णा चाचपडत जेवणाच्या टेबलाशी आले आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभेच राहिले.

"कसला वास येतोय?"

"हरभऱ्याची उसळ आहे. मी करत नाही, हट्ट करते, असं सारखं लिहीत होतात ना. केली."

अण्णा बसले. हात ताटापर्यंत गेला, वाटीला लागला आणि मागे आला. ललिताबाईंनी तो धरला आणि पुन्हा वाटीवर नेऊन ठेवला, लहान मुलाचा ठेवतात तसा.

"खा," त्या म्हणाल्या. "भिजवलेलं टाकू नये."

अण्णांनी एक घास घेतला. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी येऊन मिशीत उतरलं, ते त्यांनी पुसलं नाही आणि ललिताबाईंनीही पुसलं नाही. त्या समोर उभ्या राहून वाटी रिकामी होईपर्यंत बघत होत्या. मनू गेली त्या दिवशी अण्णांनी दोनदा वाढून घेतली होती, म्हणून ललिताबाईंनी पातेलं उचललं आणि न विचारता पुन्हा वाढली.